गटाची पहिली वही

सांगली,
बुधवार, रात्र

चि. सोन्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्याला आज तीन रात्री झाल्या. तुझा मिस्ड कॉल आलेला नाही. नऊ वाजता फोन एकदा वाजून बंद होतो, तेवढ्यावर मी निवांत झोपते, हे तुला ठाऊक आहे. एचआयव्हीची गोळी तू चुकवत नाहीस, त्याबद्दल शंका नाही. तरी नऊ वाजले की हातातलं काम सुटतं.

पत्राचं कारण ते नाही. त्या मुलीविषयीही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. आपल्या पॉझिटिव्ह माणसांच्या गटाची खोली महिनाअखेरीला रिकामी करायची आहे, मालकांना मुलासाठी हवी आहे. दोन दिवस मी आणि आटपाडीची मावशी आवराआवर करतोय. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, रिकाम्या पोत्यांच्या घडीखाली, आपली पहिली वही सापडली. शंभर पानी, वरून कालनिर्णयच्या पानाचं कव्हर. २००२ ची. मावशी म्हणाली, सोन्याला दाखव, त्यानं कधी पाहिली नाही.

वहीत नावाचा रकानाच नाही. क्रमांक, गाव, मुलं किती, पुढची तारीख. पहिल्या पानावर सात ओळी आहेत. पलूसची. जतची. कवठ्याची. आटपाडीची. मिरजेची. शिराळ्याची. सातवी ओळ, विट्याची, मुलगा १, वय ३. तो मुलगा १ म्हणजे तू.

तू या बायकांना मावशी म्हणत वाढलास, पण आम्ही एकत्र कशा आलो हे तुला नीट कधी सांगितलं नाही. सिव्हिलला गुरुवारी तपासणी असायची. तेव्हा आमच्यासाठी औषध म्हणजे सेप्ट्रान, बाकीच्या जंतुसंसर्गावरची गोळी, आणि ज्याला टीबी झाला त्याला टीबीचा कोर्स. विषाणूवरचं औषध जगात होतं, पण महिन्याला हजाराच्या पुढं पैसे लागायचे आणि मला खुरपणीचे दिवसाला पस्तीस मिळत होते. गुरुवारी त्याच त्या बायका बाकड्यावर दिसायच्या. एकमेकींकडं बघायच्या नाहीत. पदर तोंडावर. समुपदेशक बाईंनी एक दिवस सगळ्यांना बाहेर चिंचेखाली बसवलं आणि म्हणाल्या, मी आत जाते, तुम्ही बोला. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग जतच्या मावशीनं पिशवीतली भाकरी काढली, मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, माझ्या सासरी माझ्या हातचं कुणी खात नाही, बघा तुम्हाला चालतंय का. सगळ्यांनी खाल्ली. तिथून गट सुरू झाला. पावतीपुस्तक, नोंदणी, बँकेचं खातं हे सगळं फार पुढचं.

सांगलीत तोवर संग्राम संस्थेचं एड्सविरोधी काम सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. धंद्यातल्या बायकांनी १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली होती. आम्ही गावाकडच्या सुना, त्या बायकांबद्दल आमच्या डोक्यात काय भरलेलं असणार ते तुला कळेल. पण त्या मान वर करून मोर्चात चालायच्या, निरोधाची पाकिटं वाटत दारोदार जायच्या. आणि आम्ही लग्नाच्या बायका, एसटी स्टँडवर एकमेकींना ओळख दाखवत नव्हतो. चिंचेखाली एकीनं बोलता बोलता दुसरीचं खरं नाव घेतलं तर ती दुसरी पुढचे दोन गुरुवार आली नव्हती.

समुपदेशक बाईंनी आम्हाला गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाची हकीकत सांगितली होती. रक्तदान करणारा तरुण मुलगा. १९८९ साली त्याच्या रक्तात हे सापडलं, तर पोलिसांनी धरून नेला आणि म्हापशाला जुन्या टीबीच्या दवाखान्यात एकट्याला कोंडून ठेवला, दोन महिने. गोव्यात तेव्हा तसा कायदाच होता. त्याच्या आईनं कोर्टात दावा लावला. सुटून आल्यावर त्यानं तोंड लपवलं नाही, आपल्या नावानं बोलत राहिला आणि १९९२ साली पॉझिटिव्ह पीपल नावाचा गट काढला. त्याच वर्षी तो गेला. मला त्या गोष्टीत आई तेवढी लक्षात राहिली. तू माझ्या मांडीवर झोपला होतास आणि मी मनात म्हणत होते, कोर्टात जायला किती पैसे लागत असतील.

वहीचं चौथं पान बघितलं आणि मावशी उठून बाहेर गेली. तिथं भिशीचा हिशेब आहे. आठवड्याला दहा रुपये प्रत्येकी. पुढं माणसं वाढली, अकरा झाली, दोन पुरुषही आले. पैसे जमले ते एकीच्या औषधापुरते. कुणाला द्यायचे? रात्रभर डोक्याला ताप. शेवटी ठरलं, जिचं मूल सगळ्यांत लहान तिला. पलूसच्या मावशीचं मूल अंगावर पीत होतं. तिला औषध सुरू झालं, तोंडातला बुरा गेला, दोन महिन्यांत डोक्यावर घागर घेऊन चालायला लागली. चौथ्या महिन्यात पैसे संपले. तेव्हा आम्हाला कुणी नीट समजावलं नव्हतं की हे औषध सुरू करून मधेच थांबवायचं नसतं. दिवाळीच्या आधी ती गेली. वहीत तिच्या ओळीपुढं पुढची तारीख लिहिलेली आहे, तीवर काट मारायलाही कुणाचा हात धजला नाही.

म्हणून मी गोळीचं बोलते रे. तुला वाटतं आई तेच तेच उगाळते. तू नेहमी म्हणतोस तसं, मला कळतं, मी लहान नाही. खरं आहे. पण रात्रपाळी, कॅन्टीनचं जेवण, मित्रांचं बसणं, पुण्याच्या औषधाच्या सेंटरला ट्रान्सफर झालं का नाही, तिथं रांग मोठी असते म्हणून तारीख पुढं ढकलतोस का, बरोबर जादाची स्ट्रिप ठेवतोस का? बघ, पुन्हा सुरू झाले. माफ कर. सव्वीस वर्षांच्या मुलाला असं विचारायचं नसतं.

२००४ च्या एक एप्रिलला सरकारनं फुकट औषध सुरू केलं, देशात आठ दवाखान्यांत. त्यातला आपल्या राज्यातला मुंबईचा जे. जे. आटपाडीची, कवठ्याची आणि मिरजेची, तिघी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून गेल्या. तिकिटं भिशीतून. पुढं जवळ सेंटर निघालं तेव्हा मी सुरू केलं. सुरुवातीच्या त्या गोळ्यांनी पायाची आग व्हायची, गाल आत जायचे. गावात बायका म्हणायच्या, पोरीला कुणाची नजर लागली. मी म्हणायचे, लागू दे, जिवंत आहे ना.

तुझं औषध २००६ च्या पावसाळ्यात चालू झालं. मुलांची वेगळी गोळी आली नव्हती. मोठ्यांचीच गोळी स्टीलच्या ताटलीत ठेवून ब्लेडनं मधोमध कापायची. ती कधी मधोमध तुटायची नाही. एक तुकडा मोठा, एक लहान, वर थोडा चुरा. मी चुरा बोटानं गोळा करून गुळाच्या खड्याला लावायचे आणि तुझ्या तोंडात द्यायचे, म्हणजे तुझा वाटा पुरा होईल. तू विचारायचास, तुझा गूळ कुठाय. मग मीही एक खडा तोंडात टाकायचे, नुसता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुलांसाठीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, पुढं लहान गोळ्या आमच्या सेंटरलाही आल्या. पहिली बाटली हातात आली तेव्हा मी ती कानाशी हलवून बघितली होती, खुळखुळ्यासारखी.

शाळेचं तुला आठवतं का? तू कधी त्याबद्दल बोलत नाहीस. तिसरीत होतास. खिचडी वाटताना तुझी ताटली वेगळी, पाण्याच्या टाकीजवळ एकटा बसवायचे. तू घरी सांगितलं नाहीस, दप्तरात ताटली कोरडी का येते हे मला आठवडाभर कळलं नाही. मी रडत गटात आले. दुसऱ्या दिवशी जतची मावशी पहिल्या एसटीनं आली, थेट शाळेत गेली, तुझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि तुझ्या ताटलीतली खिचडी खाल्ली. सगळ्यांदेखत. मग गुरुजींना म्हणाली, आता मला काही झालं तर मी तुम्हाला कळवीन. त्याच आठवड्यात ग्रामसभेत ती उभी राहिली. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, आजार, सगळं एका दमात सांगितलं. ज्या गावात तिला कुणी ओळखत नव्हतं तिथं, तुझ्यासाठी. सोमवारपासून तू रांगेत बसलास.

दुसऱ्या वहीत नावाचा रकाना आहे. तो तिनंच पट्टीनं आखला, पहिलं नाव तिचं आहे. माझं नाव त्या रकान्यात दीड वर्षानं आलं. रोज वही उघडायची, पेन हातात घ्यायचं आणि पुन्हा विट्याची लिहायचं. तेव्हा तुला घाई करायचा मला काय हक्क आहे, असं आज वही बघताना वाटलं. २०११ ला ती गेली, टीबी मेंदूत गेला होता. तिच्या चितेवर तिच्या पोरांच्या आधी गटाच्या बायकांनी लाकूड ठेवलं आणि कुणी अडवलं नाही.

आता रविवारचं. मी तुला एवढंच विचारलं की त्या मुलीला आजाराचं सांगितलंस का. तू म्हणालास, आई, माझा व्हायरल लोड टार्गेट नॉट डिटेक्टेड आहे, म्हणजे तपासणीत रक्तात विषाणू सापडतच नाही, माझ्यापासून तिला होऊ शकत नाही. बरोबर आहे. ही गोष्ट नव्या येणाऱ्या जोडप्यांना मीच समजावते, रिपोर्ट हातात धरून समजावते. गटातल्या दोघांना धडधाकट मुलं झाली, त्यांच्या बारशाचे घुगऱ्या-पेढे आपण खाल्ले. ते मी मानते. मग तू म्हणालास, कायद्यानं माझ्या परवानगीशिवाय तू कुणाला सांगू शकत नाहीस. तेही बरोबर. २०१७ ला तो कायदा झाला, पुढच्या वर्षी दहा सप्टेंबरला लागू झाला, तेव्हा खोलीत आपण साखर वाटली होती, तू बारावी होऊन डिप्लोमाला गेला होतास. आम्हाला कामावरून काढलं, खोली दिली नाही, नावं फोडली, त्या सगळ्यावर कागद आला म्हणून वाटली. तोच कागद माझा मुलगा मला दाखवेल असं मला वाटलं नव्हतं. मी कुणाला सांगणार नाही, सोन्या. मरेपर्यंत नाही. हे तू मला बजावायची गरज नव्हती.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. तुझे बाबा गेल्यावर वर्षभरानं मी त्यांची ट्रंक उघडली. कोईमतूरच्या गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या दुकानातून आलेली ती पत्र्याची ट्रंक, आत अजून ॲसिडचा वास होता. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याच्याखाली चार घड्या घातलेला एक कागद. लॅबचा, इंग्रजीत छापलेला, मधे निळ्या शाईनं लिहिलेला एकच शब्द, रिॲक्टिव्ह. माझ्या दहावीच्या इंग्रजीला तो लागेना. मला वाटलं काहीतरी चांगलं असेल, शिक्का मारून दिलंय. त्या शब्दाचा अर्थ विचारायला म्हणून मी सिव्हिलला गेले. समुपदेशक बाईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि मला पाणी दिलं. मग माझं आणि तुझं रक्त घेतलं. पहिल्या वहीत सातवी ओळ अशी आली.

त्या कागदावर तारीख आहे, नोव्हेंबर १९९६. आमचं लग्न मे १९९७ चं.

तुला मी कायम सांगत आले की बाबांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. थोरल्या काकांनाही माहीत होतं. काकांनी नंतर माझ्यापुढं हात जोडले, म्हणाले, लग्न झालं की बरा होईल असं म्हातारीला वाटलं. आपली आजी, जिनं तुला दुधावरची साय भरवली. बाबा वाईट नव्हते रे. सणाला यायचे तेव्हा तुला खांद्यावरून उतरवायचे नाहीत, माझ्यासाठी कोईमतूरहून सुती साडी आणायचे. ते घाबरले होते, एवढंच मी स्वतःला सांगत आले. चार वर्षं एका अंथरुणात त्यांना रोज रात्री ते माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या चार वर्षांतला एकेक दिवस मी नंतर परत काढून बघितला, हसलेला, भांडलेला, तू झालास तो. सगळ्यांत तो कागद होता.

त्यांनी लग्नाआधी मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक नाहीच म्हटलं असतं. मग तू नसतास. इथवर विचार आला की मला पुढं जाता येत नाही, आजही येत नाही. तरी मला विचारायला हवं होतं.

तुझं तसं नाही, हे मला कळतं. तू औषध घेतोस, तेव्हा औषध नव्हतं. तुझ्याकडून तिला काही होणार नाही, मला झालं. तू त्यांच्यासारखा आहेस असं मी म्हणत नाहीये, रविवारी फोनवर मी तसं म्हटलं ते चुकलं. फार चुकलं. तोंडातून गेलं आणि तू ठेवून दिलास, ठेवायलाच हवा होतास. पण ती रोज तुला डबा उघडताना बघणार, नऊ वाजले की उठून जाताना बघणार. एखाद दिवशी तिला पुस्तक सापडेल, सेंटरच्या शिक्क्याचं. त्या वेळी तिच्या हातात तो कागद असेल आणि तू शेजारी नसशील.

ती नाही म्हणेल याची भीती मलाही आहे. तुझ्याहून जास्त आहे. पोरगं इतकं उभं केलं, दहावीला शाळेत दुसरा आला, चाकणला कंपनीत मशीन तपासतो, वरचे साहेब याला विचारून सही करतात, हे मी गटात दहा वेळा सांगते, नवीन बायका तुझं नाव घेऊन आपल्या पोरांना गोळ्या देतात. आणि एखादीनं याच कारणासाठी तुला नाही म्हटलं तर माझ्या काळजाचं काय होईल ते मला माहीत नाही. तरी सांग. कसं सांगायचं ते मी शिकवणार नाही. पुण्याच्या सेंटरचे समुपदेशक दोघांना एकत्र बसवून बोलतात, रिपोर्ट समजावतात, तेवढं माहीत असू दे. आता बास. पुन्हा विचारणार नाही.

खोलीतलं सामान सध्या आटपाडीच्या मावशीच्या ओट्यावर जाणार. गुरुवारची बैठक बंद पडू द्यायची नाही असं ठरलं आहे, नवी खोली मिळेपर्यंत तिच्या अंगणात. आता बैठकीला आठ-दहा जणच येतात. सगळ्यांना वाटतं औषध मिळतं, दिवसाला एक गोळी, मग गट कशाला. २०२२ ला गोळ्यांची टंचाई झाली, दिल्लीत नॅकोच्या, सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात आपली माणसं महिनाभर बसून होती, तेव्हा इथं सगळ्यांना गटाची आठवण झाली होती. तू तेव्हा तुझ्यातल्या दहा गोळ्या कवठ्याच्या मावशीच्या मुलीला दिल्यास आणि मला महिन्यानं सांगितलंस. मी रागावले होते. रागावायला नको होतं.

वही मी माझ्याकडं ठेवली आहे. तो लॅबचा कागदही आता तिच्यातच, पहिल्या पानात घातला. पाठवत नाही. दिवाळीला येशील तेव्हा बघ, नाही बघावंसं वाटलं तर नको बघू.

जेवत जा. रात्रपाळीला स्वेटर ने. बोलायचं नसेल तर नको बोलू, पण नऊ वाजता एकदा वाजव.

तुझी,
आई

ता. क. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि तासगावच्या बेदाण्याच्या दोन पुड्या आहेत. एक तिला दे. तिचं नाव तू सांगितलं नव्हतंस, म्हणून पुडीवर काही लिहिलेलं नाही.